एक घर, एक भाषा

भालचंद्र ठोंबरे यांचं कराडला चष्म्याचं दुकान होतं. एका म्हाताऱ्या बाईंना ते समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते, तेवढ्यात जावयाचा फोन आला. मनवीर दुपारी कधी फोन करत नसे. "बाबा," एवढंच तो म्हणाला. मागे वारा घोंघावत होता आणि कुणीतरी स्ट्रेचर जपून उचलायला सांगत होतं.

त्यांची मुलगी शलाका पडली होती. हिमालयातल्या औलीच्या ज्या उतारावर ती कित्येक हिवाळे लोकांना स्की शिकवत आली होती, तिथेच. अलीकडे औलीला आभाळातून पडणारा बर्फ पुरत नसे. यंत्रं पाण्याचे फवारे मारून बर्फ तयार करायची. त्याला खऱ्या बर्फाचा भुसभुशीतपणा नसायचा, आणि सावलीतला पट्टा तर फरशीसारखा कडक व्हायचा. एका शिकाऊ बाईचा तोल गेला आणि ती सरळ खालच्या रोपवेच्या खांबांच्या दिशेनं सुटली. शलाका तिला अडवायला आडवी गेली. बाईला फक्त खरचटलं. शलाका त्या कडक पट्ट्यावरून फरफटत जाऊन खांबावर आदळली.

डोक्याला हेल्मेट होतं. कवटीला तडासुद्धा गेला नव्हता. त्यामुळे पहिले काही तास सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं.

भालचंद्रराव डेहराडूनच्या इस्पितळात पोचले तेव्हा ती बेशुद्धच होती. तिथल्या डॉक्टरांच्या कोटावर 'पंत' असं आडनाव पाहून त्यांनी घाईघाईनं मराठीतच विचारायला सुरुवात केली. त्या बाई थांबल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "मी अल्मोड्याची आहे, काका. आमच्याकडेही पंत असतात. हिंदीत बोलाल का?"

भालचंद्ररावांची हिंदी कराडची होती. तरी त्यांनी विचारलं, कवटी शाबूत आहे, मग ही उठत का नाही?

डॉ. पंतांनी ओंजळ धरल्यासारखे दोन्ही हात केले. "मेंदू फार मऊ असतो, ताज्या लावलेल्या दह्यासारखा. डोकं जोरात फिरून एकदम थांबलं, की कवटी थांबते, पण आतला मेंदू फिरतच राहतो. त्याला पीळ बसतो. पेशींना जोडणारे बारीक तंतू त्या पिळात ताणले जातात, तुटतात. हेल्मेट कवटी वाचवतं. पीळ थांबवत नाही."

भालचंद्ररावांनी मान डोलावली. मुलीच्या अंगावर कुठेही जखम दिसत नव्हती. झोपलेली असावी तशी ती पडून होती.

शलाका सातवीत असताना तिची आई गेली. त्यानंतर बापलेक दोघंच. तिच्या वेण्या घालायला भालचंद्रराव शेजारणीकडून शिकले, डबा करायला मात्र स्वतःचे स्वतःच. एकोणिसाव्या वर्षी ती कॉलेजच्या मुलींबरोबर महिनाभर हिमालयात गेली आणि परत आली ती मनानं तिथेच राहून. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेली, मग राहिलीच. भालचंद्ररावांनी तिला अडवलं नाही. आठ दिवस जेमतेम बोलले आणि नंतर दोन लोकरी बनियन कुरियरनं पाठवून दिले. तिनं तिथल्याच मनवीर नेगीशी लग्न केलं. तो रोपवेच्या देखभालीवर होता, कमी बोलणारा, कष्टाळू. त्यांना कुहू झाली. ती आता चार वर्षांची होती, आणि घरात सगळे हिंदी बोलत. आजीकडून कुहूला थोडी गढवाली येई. रविवारी फोनवर शलाका बापाशी तासभर मराठी बोलायची. तेवढीच तिची मराठी उरली होती.

बऱ्याच आठवड्यांनी तिनं डोळे उघडले. डॉ. पंत रोज तिला हिंदीत हाका मारत, बोटं दाखवत. मनवीर हात धरून बसे. ती सगळ्यांकडे काचेतून पाहिल्यासारखं पाही. एके सकाळी भालचंद्रराव ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत होते. सवयीनं पुटपुटले, "कोरडे पडलेत गं. काय देऊ?"

"पाणी," शलाका म्हणाली.

मनवीर उभा राहिला. नर्स धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. भालचंद्ररावांनी हळूहळू चमच्यानं तिला पाणी पाजलं.

त्यानंतर शब्द येत गेले. थोडे, तुटक, पण सगळे मराठी. हिंदी तिला कळतच नव्हती. शलाकाच्या डोक्यावर तारांची टोपी घालून डॉ. पंतांनी पडद्यावर पाहिलं. बाप बोलला की मेंदूचे काही भाग उजळत. नवरा बोलला की पडदा जवळपास तसाच राही. लहानपणी शिकलेली भाषा कधीकधी अशी वाचते, असं डॉक्टर म्हणाल्या. शलाकाला वाटत होतं ती कराडलाच आहे. "बाबा, दुकान बंद केलंस?" असं ती विचारायची. तिच्या हाताला घाम आला की भालचंद्रराव पुसायचे, आणि आत कुठेतरी त्यांना फार बरं वाटायचं. ते बरं वाटणं ते कुणाला दाखवत नसत.

मग कुहूला आणलं. मनवीरच्या आईनं तिचे केस विंचरून, लाल स्वेटर घालून आणली होती. कुहूनं वाटेत येताना एक गाणं घोकलं होतं. ती पलंगाशी गेली, आईच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "मम्मी, मैं आ गई."

शलाकानं तो हात बाजूला सारला. रागानं नाही, अंगावर बसलेलं पाखरू उडवावं तसा. भालचंद्ररावांकडे पाहून म्हणाली, "बाबा, ही कुणाची?"

कुहूला मराठी येत नव्हती. तरी तिनं हात मागे घेतला आणि स्वेटरच्या खिशात घातला. गाणं तिनं म्हटलं नाही.

दोन दिवसांनी डॉ. पंतांनी मनवीरला आणि भालचंद्ररावांना आपल्या खोलीत बसवलं.

"एक उपचार आहे," त्या म्हणाल्या. "नवा आहे, पण आता त्याला मंजुरी आहे. नीट ऐका. मूल वाढतं तसं मेंदूतल्या पुष्कळ पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. ती पेशींच्या जोडण्या जागच्या जागी धरून ठेवते. म्हणून तर शाळेतलं पाठांतर म्हातारपणी आठवतं, आणि म्हणूनच मोठेपणी नवी भाषा शिकताना घाम फुटतो. शलाकाच्या मेंदूला आता नव्या वाटा पाडायच्या आहेत. ही जाळी त्या पाडू देत नाही. आम्ही एक एन्झाइम सोडतो, ते जाळी विरघळवतं. काही आठवडे तिचा मेंदू दोन-तीन वर्षांच्या मुलासारखा होईल. त्या काळात जे ऐकेल, बोलेल, ज्यांना पाहील, ते पक्कं होईल. चालणंही येईल. मग जाळी पुन्हा विणली जाईल."

"आणि जे त्या काळात वापरलं जाणार नाही?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"ते वाळून जातं. लहान मुलांच्या मेंदूतही अशी छाटणी होते. फक्त त्यांच्याकडे घालवण्यासारखं फारसं काही नसतं."

मनवीर म्हणाला, "मग आम्ही दोन्ही वापरू. बाबा मराठी बोलतील, मी हिंदी."

डॉक्टरांनी मान हलवली. "पहिल्या रुग्णांच्या घरच्यांनी तेच केलं. सगळंच वाचवायला गेले. दोन भाषा, येणारेजाणारे, मित्र, शेजारी. त्या लोकांच्या हाती काहीच नीट लागलं नाही. एक वाक्य धड नाही, एक चेहरा धड नाही. तेव्हापासून आम्ही एकच गोष्ट पाळतो. एक घर, एक भाषा, दोन-तीन माणसं. ते घर तुम्ही ठरवायचं."

त्यांनी पुढचं सांगितलं तेव्हा त्या दोघांकडेही पाहत नव्हत्या. मराठी निवडली तर शलाका बोलेल याची त्यांना जवळजवळ खात्री होती. तो भाग वाचलाच होता. पण गेली दहा-बारा वर्षं, नवरा, बाळंतपण, मूल, हे सगळं दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या माणसांत घडलं होतं. त्यातलं जे थोडं धुगधुगत असेल तेही मग विझेल. ती एकोणीस वर्षांची होऊन उठेल. हिंदी निवडली तर त्या धुगीला हवा मिळेल. पण तिथले तंतू फार तुटले होते. निम्मी आशा. आणि ती फसली तर दोन्ही भाषा जातील, ती कधीच बोलणार नाही.

"आम्ही मराठी शिकू," मनवीर म्हणाला. "मी आणि कुहू. कराडला येऊन राहू."

"शिका," डॉ. पंत म्हणाल्या. "पण ती तुम्हाला नव्यानंच ओळखेल. ही तुझी मुलगी, असं तिला सांगावं लागेल, जशी एखादी बातमी सांगतात तसं. ती मान्य करेल, चांगली बाई आहे. त्याच्या पुढचं मी नाही सांगू शकत."

कागदावर निर्णय नवऱ्याचा होता. संध्याकाळी इस्पितळाच्या आवारात, लिचीच्या झाडाखालच्या बाकावर मनवीर सासऱ्यांशेजारी बसला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही घेऊन जा तिला. तुमच्याशी बोलते ती. मला ती बोलणारी हवीय. माझ्याशी नसली तरी चालेल."

भालचंद्ररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "विचार करू," ते म्हणाले. पण त्यांचा विचार झालाच होता. खालची खोली रिकामी करायची, जिन्याला कठडा बसवायचा, सकाळी घाटावर फिरायला न्यायचं. आणि ती पुन्हा पोळी तव्यावरून थेट पानात मागेल. हे सगळं मनात मांडताना त्यांना हसू येत होतं, आणि शेजारी जावई रडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुहू खोलीबाहेरच्या बाकावर एकटी बसली होती. मनवीर तिला आत न्या म्हणून सासऱ्यांना सांगून औषधं आणायला गेला होता. भालचंद्ररावांनी हात पुढे केला. कुहू उठली नाही.

"आप जाओ," ती म्हणाली. "मैं यहीं बैठूँगी."

"क्यों?"

"मम्मी को मुझसे डर लगता है." मग जरा थांबून, जणू आजोबांची समजूत काढावी तशी म्हणाली, "कोई बात नहीं. मैं बाहर से देख लेती हूँ."

दाराला एक छोटी काच होती. कुहूची उंची तिथपर्यंत पोचत नव्हती. ती बाकावर उभी राहून, मान वाकडी करून पाहायची, हे भालचंद्ररावांच्या तेव्हा लक्षात आलं.

ते आत गेले नाहीत. तिच्याशेजारी बसून राहिले. आई गेली त्या वर्षी शलाका शाळेतून आली की दाराशी उभी राहून आधी आत डोकावायची, मग चप्पल काढायची. तिची आई मरून गेली होती. या पोरीची आई आत जिवंत होती, आणि ते तिला कराडला न्यायचं ठरवत होते.

मनवीर परत आल्यावर त्यांनी त्याला सांगितलं, हिंदीच निवडायची. तो ऐकेना. "आणि नाही आलं बोलणं तर? मी स्वतःला काय सांगू?"

"माझं नाव सांग," भालचंद्रराव म्हणाले. "म्हाताऱ्यानं हट्ट धरला म्हणून सांग."

डॉ. पंतांनी त्यांना एकट्याला बोलावलं. "तुम्हाला त्या आठवड्यांत तिच्यासमोर येता येणार नाही. गप्प बसूनही नाही. तुम्ही दिसलात की ती मराठीकडे धावेल, मेंदू सोपी वाट सोडत नाही. समजतंय ना तुम्हाला?"

"नंतर मला ओळखेल?"

"फोटो दाखवता येतील. सांगता येईल."

"हो," भालचंद्रराव म्हणाले. "बातमीसारखं."

त्यांनी एक संध्याकाळ मागून घेतली. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून मऊ भात आणला, वर तूप घातलं, लिंबू पिळलं. शलाका एकेक घास खात होती. मध्येच म्हणाली, "आई कुठंय?"

"साताऱ्याला गेलीय. मावशीकडे."

"कधी येणार?"

"येईल."

तिला ते पटलं. भात संपवून तिनं त्यांचं बोट धरलं आणि भिंतीकडे पाहत राहिली. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण जे बोलू ते तिला फार काळ पुरणार नव्हतं. म्हणून ते कराडच्या रस्त्यावरची दुकानं ओळीनं सांगत गेले, कोण अजून आहे, कोण गेलं, कुणाच्या जागी काय आलं. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. डोळे मिटता मिटता म्हणाली, "जाऊ नकोस."

"इथंच आहे मी," ते म्हणाले.

सकाळी ती उठायच्या आत ते बसमध्ये बसले होते.

इस्पितळाच्या आवारातच एका छोट्या घरात उपचार सुरू झाले. मनवीर, कुहू, मनवीरची आई, बस्स. भांडी, अंथरुणं, देवाचा फोटो, सगळं त्यांच्या घरून आणलेलं. दिवसभर हिंदी. पहिले काही दिवस शलाका दाराकडे पाहून "बाबा, बाबा" करायची. मनवीर हे फोनवर सांगायचा. एके दिवशी मनवीरनं काही सांगितलं नाही. भालचंद्ररावांनी विचारलं, "आज हाक मारली?"

"आज नाही."

नंतर ती काहीच बोलेनाशी झाली. मराठी गेली आणि हिंदी आली नाही. आठवडे गेले. पाय सुधारत होते, धरून उभी राहत होती, पण तोंडून आवाज नाही. कुहू तिला आपल्या पुस्तकातली चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची. शलाका तिच्याकडे पाहत राहायची. भालचंद्रराव दुकानात बसायचे खरे, पण एकदा त्यांनी एका माणसाला दुसऱ्याचाच चष्मा दिला, आणि मग काही दिवस दुकान उघडलंच नाही.

एका दुपारी मनवीरचा फोन आला. तो रडत होता. "बाबा, या तुम्ही. माझ्यानं बघवत नाही. निदान पाणी तरी मागू दे तिला, कुठल्याही भाषेत मागू दे. मी डॉक्टरांना सांगतो, तुम्ही निघा."

भालचंद्ररावांनी फोन ठेवला नाही. समोरच्या कपाटातली पिशवी ते तेव्हाच काढू लागले होते. मग हात थांबला. आता गेलं तर दोन्ही वाटा अर्ध्यावर राहतील, हे त्यांना डॉक्टरांइतकंच कळत होतं. आणि न गेल्यानं ती कायमची मुकी राहिली, तर तेही त्यांनीच केलेलं असणार होतं.

"नाही येत," ते म्हणाले.

"बाबा, तुमची मुलगी आहे ती."

"म्हणूनच नाही येत. कुहूला सांग, गाणं थांबवू नकोस."

त्यांनी फोन बंद केला, पिशवी कपाटात ठेवली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

सहा दिवसांनी मनवीरनं एक आवाज मुद्रित करून पाठवला. खरखरीत, ओढून काढलेला, पण स्पष्ट. "पानी." मनवीर मागे हसत होता, कुहू टाळ्या पिटत होती. भालचंद्ररावांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. तिनं शब्द म्हटला होता. तिच्या तोंडून 'ण' गेला होता.

पुढच्या आठवड्यात तिनं कुहूला नावानं हाक मारली. मग एका सकाळी, कुणी न सांगता, तिनं कुहूला ती तान्ही असताना द्यायची ती लाडकी शिवी दिली. ती मनवीरनं शिकवली नव्हती, कुहूलाही आठवत नव्हती. ती आतून आली होती. डॉ. पंतांनी स्वतः फोन केला. "काका, धुगी पेटली," त्या म्हणाल्या.

जाळी पुन्हा पुरती विणली गेल्याची खात्री झाल्यावर, उन्हाळ्यात, भालचंद्ररावांना बोलावणं आलं. जोशीमठाच्या वरच्या अंगाला नेगींचं घर होतं. शलाका काठी टेकत अंगणात आली. बारीक झाली होती, केस पुरुषासारखे आखूड. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"आइए, पिताजी. सफ़र में तकलीफ़ तो नहीं हुई आपको?"

शब्दांमध्ये ती थांबत होती, पण वाक्य पूर्ण करत होती. तिनं फोटो पाहिले होते. सगळं नीट पाठ केलं होतं, आईचं नाव, दुकान, शाळा. त्यांच्यासाठी तिनं खोली झाडून ठेवली होती, उशाशी पाण्याचा तांब्या होता. जेवताना तिनं त्यांना आग्रह केला, जसा सासरच्या वडीलधाऱ्यांना करतात. कुहू तिच्या मांडीत बसून जेवत होती. एकदा कुहूच्या गालाला भात लागला तर शलाकानं न बघताच तो बोटानं पुसला. भालचंद्रराव ते बघत राहिले. यासाठीच तर केलं होतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते खरं होतं, आणि हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

ते चार दिवस राहिले. एकदा शलाका म्हणाली, "मेरी माँ के बारे में कुछ बताइए." त्यांनी सांगायला घेतलं. पण त्यांची बायको सुनंदा हिंदीत त्यांच्या हाती येईना. ती चिडली की काय म्हणायची, हसताना पदर कसा तोंडाशी धरायची, हे सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. ते "वो अच्छी थी, बहुत अच्छी थी" एवढंच म्हणत राहिले. शलाकानं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी ती अवघडून म्हणाली, "माफ़ कीजिए. मैं कोशिश करती हूँ, पर कुछ आता नहीं."

"माफ़ी नहीं," ते म्हणाले. "माफ़ी काय को."

निघायच्या दिवशी मनवीर जीप काढायला खाली गेला. शलाका त्यांना सोडायला फाटकापर्यंत आली. डोंगरावरून गार वारा येत होता. आता कसली भीती नव्हती. जाळी विणून झाली होती, मराठीनं तिचं काही बिघडणार नव्हतं आणि काही परतही येणार नव्हतं. भालचंद्रराव तिच्यासमोर उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले.

"शलू, खालची खोली मी रिकामी केली होती गं. अजून तशीच आहे. तिथं आता कोण राहणार, पण असू दे. तुझी आत्या विचारते, मी सांगतो बरी आहे. मला वाईट वाटत नाही असं नाही. फार वाटतं. जेवताना वाटतं. पण पुन्हा विचारलं ना, तरी मी हेच करीन. तू पोरीला जप. आणि बर्फावर जाऊ नकोस म्हणणार नाही, तुला ते आवडतं. तू माझी फार गुणी पोर होतीस. आहेस."

शलाका शेवटपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, शाळेत गणित न सुटल्यावर पडायच्या तशा. मग तिनं नाइलाजानं मान हलवली.

"समझी नहीं, पिताजी. क्या कहा आपने?"

खालून जीपचा हॉर्न वाजला. भालचंद्ररावांनी पिशवी उचलली.

"ठंडी है," ते म्हणाले. "अंदर जाओ."

"जी," शलाका म्हणाली. तिनं पुन्हा वाकून नमस्कार केला, काठी सावरली आणि वळली. जीप वळणाआड होईपर्यंत तिनं तिथं उभं राहावं असं त्यांना फार वाटत होतं. पण जा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, आणि ती वडीलधाऱ्यांचं ऐकणारी होती. ती आत गेली आणि वारा येऊ नये म्हणून तिनं दार लावून घेतलं.